संमतीचा रकाना

पुणे,
कार्तिक शुद्ध पंचमी

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे सविस्तर पत्र आणि त्यासोबत पाठविलेला तो जुना, मोठ्या आकाराचा ग्रंथ अशी दोन्ही पोहोचली. ‘होल अर्थ कॅटलॉग’ची ही प्रत तू हौसेने मिळवलीस आणि ती वाचून माझे मत निःसंकोचपणे कळवावे असा आग्रह धरलास, म्हणून सवड काढून लिहीत आहे. तुझ्या पिढीतील संगणकवाल्यांना आपल्या व्यवसायाचे कुलवृत्त कॅलिफोर्नियाच्या त्या बंडखोर दशकापर्यंत पोहोचते याचा अभिमान वाटतो, आणि तो सर्वस्वी निराधार नाही, असे पाने चाळताना मलाही वाटले.

१९६८ साली मेन्लो पार्कहून स्टुअर्ट ब्रँड या स्टॅनफर्डमध्ये जीवशास्त्र शिकलेल्या तरुणाने हा ग्रंथ काढला, त्या वेळी सुखवस्तू घरांतील हजारो मुले व्हिएतनामच्या युद्धाला, कचेरीतल्या नोकरीला आणि वडिलांच्या उपनगरी संसाराला पाठ फिरवून कोलोरॅडोच्या व न्यू मेक्सिकोच्या माळरानांवर वसाहती थाटीत होती. मधमाश्या कशा पाळाव्या, लाकडावर चालणारी शेगडी कोठे मिळते, बकमिन्स्टर फुलरच्या घुमटाकार घराची भूमिती कोणती, हे त्यांना सांगणारे कोणीतरी हवे होते, आणि ते काम ब्रँडने सूचिपत्राच्या साध्या रूपात केले. मृगाजिनाच्या वस्तूंच्या जोडीने त्याच ग्रंथात ह्युलेट-पॅकार्डचे ४,९०० डॉलर किमतीचे गणनयंत्र यावे, यात त्या पिढीला विसंगती दिसली नाही. आणि मुखपृष्ठावर जे संपूर्ण पृथ्वीचे छायाचित्र आहे ते मिळावे म्हणून हाच गृहस्थ १९६६ मध्ये ‘असे छायाचित्र अजून का दिसले नाही’ असा प्रश्न छापलेले बिल्ले विकत फिरला होता. पुढे ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्टने माऊस हाती धरून पडद्यावरचा मजकूर हलवून दाखविला, तेव्हा मेन्लो पार्कच्या बाजूचा कॅमेरा सांभाळणाऱ्यांत ब्रँडच होता. ज्या युद्धखात्याविरुद्ध ती मुले रस्त्यावर उतरली होती, त्याच खात्याच्या संशोधन संस्थेचा पैसा एंगलबार्टच्या प्रयोगामागे होता, ही गोष्ट तुझ्या पत्रात नाही. ती असावयास हवी होती.

सरकार आणि बड्या कंपन्या यांच्याच ताब्यात असलेली साधने सामान्य माणसाच्या हाती यावीत, ही त्या ग्रंथामागची इच्छा मला थोर वाटते, आणि १९७३ मध्ये बर्कलीतील एका ध्वनिमुद्रिकांच्या दुकानात कोणीही येऊन निरोप लिहावा व वाचावा म्हणून ज्यांनी टंकयंत्र ठेवून ते दूरच्या संगणकाला जोडले, त्यांच्याविषयी माझ्या मनात निर्मळ आदर आहे. परंतु उभी हयात महसूल खात्याच्या दप्तरात घालवलेला माणूस कोणताही कागद हाती आला की रकाने पाहतो. या ग्रंथात वस्तूचे नाव आहे, किंमत आहे, ती कोठे मिळेल याचा पत्ता आहे, वापरून पाहिलेल्या माणसाचा अभिप्राय आहे. ज्या भूमीवर ती वस्तू जाऊन पडणार, त्या भूमीवर आधीपासून राहणाऱ्यांना कोणी काही विचारले काय, याचा रकाना नाही. न्यू मेक्सिकोत ताओसच्या परिसरात ही मुले गेली, तेथे पिढ्यान्‌पिढ्या पाटाच्या पाण्यावर शेती करणारे स्पॅनिशभाषी शेतकरी आणि त्यांच्याही पूर्वीचे प्वेब्लो लोक राहत होते. शहरातून आलेल्या पैशाने जमिनीचे भाव चढले, पाण्यावरून कुरबुरी झाल्या आणि १९७० च्या आसपास प्रकरण मारामारीपर्यंत गेले. निसर्गाकडे परतणाऱ्यांना तो भूभाग रिकामा दिसला. तो रिकामा नव्हता.

आमच्या तरुणपणी आपल्याकडेही बंडखोरी झाली, पण ती डोंगरात गेली नाही. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांच्या मित्रांनी १९५० नंतरच्या दशकात ‘शब्द’ हे अनियतकालिक काढले ते सायक्लोस्टाइलवर. परिपत्रके काढण्यासाठी कचेरीकचेरीतून असलेले ते यंत्र, मेणकागदावर टोकदार लेखणी चालवून शाईचा रूळ फिरवावयाचा, एवढीच त्याची करामत. पुढे अशोक शहाणे आले, राजा ढाले आले, आणि १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि ढाले यांनी दलित पँथर उभी केली. हाताला शाई लावणाऱ्या अशा अनियतकालिकांचे अंक मी मुंबईत शिकत असताना हातोहात फिरलेले पाहिले आहेत. ज्या वस्तीचे, ज्या बोलीचे, ज्या माणसांचे नाव मराठी वाङ्मयाच्या दप्तरी कधी लागले नव्हते, ते त्या यंत्राने लावले. साधन क्षुल्लक होते आणि काम मोठे झाले. म्हणून पर्यायी संस्कृती म्हटली की माझ्यापुढे कोलोरॅडोतले घुमट न येता ते डागाळलेले कागद येतात.

यंत्राविषयी माझ्या मनात आकस आहे असे तुला वाटत असेल तर तसे नाही. सातबारा संगणकावर आला तेव्हा त्याचे मी मनापासून स्वागत केले, कारण एका उताऱ्यासाठी चार हेलपाटे घालणारी रयत मी पाहिली होती, आणि आज तोच उतारा शेतकऱ्याला आपल्या घरी बसून पाहता येतो ही सामान्य सोय नव्हे. परंतु हस्तलिखितावरून संगणकात नोंदी घेताना कोठे क्षेत्र चुकले, कोठे वारसाचे नाव सुटले, कोठे इतर हक्कांच्या रकान्यातील जुनी नोंद गळाली, आणि मग जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली दुरुस्तीसाठी अर्ज घेऊन त्याच रयतेला पुन्हा तहसील कचेरीची पायरी चढावी लागली. वहीतली चूक शाईच्या खाडाखोडीतून तरी दिसे. पडद्यावरची चूक स्वच्छ अक्षरांत येते आणि म्हणून खरी वाटते. हल्ली तू ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेचे काम करतोस तिच्याविषयी माझे भय एवढेच आहे: जी नोंद मुळात झालीच नाही, ती यंत्राला कोठून कळणार?

आता तुझ्या पत्रातील खऱ्या कामाकडे येतो. नोकरी सोडून परत यावे, मुळशी तालुक्यात जलाशयाच्या वरच्या अंगाला डोंगरउताराची जमीन घ्यावी, सौर ऊर्जेवर घर चालवावे, झाडे लावावी आणि समविचारी मित्रांची दहा-बारा कुटुंबे तेथे नांदावी, हा तुझा मानस वाचून मला आनंद झाला. तू परत येणार याचा आनंद तर शब्दांत सांगता यावयाचा नाही. पण परदेशी वास्तव्य असताना शेतजमीन खरेदी करता येत नाही, म्हणून तूर्त ती माझ्या नावे घ्यावी, अशी मध्यस्थाची सूचना तू कळवली आहेस. त्याचे उत्तर देण्यापूर्वी त्या तळ्याची हकीकत तुला सांगणे प्राप्त आहे, कारण तुझ्या पत्रात तळ्याच्या निळाईचे वर्णन पानभर असून ते कसे झाले याविषयी एक ओळही नाही.

मुळा आणि निळा यांच्या संगमाजवळ धरण बांधून ते पाणी घाटमाथ्यावरून नळांनी कोकणात सोडावयाचे आणि त्यावर मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज काढावयाची, अशी टाटांच्या कंपनीची योजना पहिल्या महायुद्धानंतर आकारास आली, आणि सरकारने भूसंपादनाचा कायदा कंपनीच्या मदतीस दिला. बुडणार होती ती मावळातील भातखाचरे. शेतकऱ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह आरंभिला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट त्याचे धुरीण झाले, आणि बापटांना सेनापती ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसत, मार खात, तुरुंगात जात; ‘जान किंवा जमीन’ हा प्रश्न त्यांच्यापुढे अक्षरशः उभा होता. पण कागदोपत्री पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती, आणि मोबदल्याचा आकडा मनासारखा झाल्यावर त्यांचा विरोध मावळला. जो कसत होता त्याची संमती घेण्याची गरज कायद्याला वाटली नाही, कारण कायदा ज्याला मालक म्हणत होता त्याने पैसे उचलले होते. लढा हरला. १९२७ मध्ये भिऱ्याचे विद्युत्‌गृह सुरू झाले, आणि पूर्वेकडे भीमेला मिळावयाचे ते पाणी तेव्हापासून घाट उतरून, चक्रे फिरवून, कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळते.

या प्रकरणातील वीज मला पाप वाटत नाही. वाफेच्या यंत्रांच्या धुराने काळवंडलेल्या मुंबईला तिने उजेड दिला, हजारो हातांना काम दिले, आणि पाण्याची वीज कोळशाहून स्वच्छ आहे हे तर आजचा निसर्गप्रेमीही मान्य करील. माझी तक्रार निराळी आहे आणि ती शंभर वर्षांनी सौम्य झालेली नाही: लाभ ज्याला मिळाला आणि हानी ज्याची झाली, ते दोघे एका बैठकीत कधी समोरासमोर बसले नाहीत. आज ऐरोली-महापे परिसरात माहितीसाठ्याची प्रचंड केंद्रे उभी राहत आहेत, त्यांना अहोरात्र वीज हवी, यंत्रे थंड ठेवावयास हवीत. ती वीज कोणत्या डोंगरातून, कोणत्या खाणीतून येणार आणि तेथील माणसांनी त्याला कोणत्या शर्तींवर होकार दिला, हा प्रश्न तुमच्या व्यवसायातील माणसांनीच प्रथम विचारला पाहिजे, कारण ज्यांच्यामुळे त्याचे उत्तर देणे भाग पडेल असे तुमचेच शब्द आहेत.

अशी समोरासमोरची बैठक होऊ शकते, हे मी पाहिले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या पुण्यातील अभियंता-कारखानदारांनी पुरंदर तालुक्यातील नायगावला देवस्थानची ४० एकर माळजमीन कराराने घेतली, पाणी अडवून ती पिकवून दाखविली, आणि मग पाणीपंचायतीचा नियम घातला की पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या संख्येप्रमाणे, माणशी अर्ध्या एकरापुरते द्यावयाचे; भूमिहीनालाही त्यात वाटा, उसाला मनाई, आणि योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः घालावयाचा. मोटार, पाइप, आराखडा सगळे यंत्रयुगाचेच होते; पण वाटणीचा हिशेब गावाने समोरासमोर बसून केला. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गोंड गावाने तर सर्वसहमतीशिवाय निर्णय नाही असा दंडक पाळला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक वनखात्याकडून ग्रामसभेच्या हाती आले. माधव गाडगीळ यांच्या समितीने पश्चिम घाटाविषयी त्याच वर्षी जो अहवाल दिला, त्यातही कोठे काय व्हावे याचा विचार ग्रामसभांपासून सुरू करावा असा आग्रह होता. त्या अहवालावर किती गदारोळ झाला आणि तो ज्यांच्यासाठी होता त्या गावांपर्यंत त्यांच्या भाषेत किती थोडा पोहोचला, हे आठवले की आजही मन उद्विग्न होते.

तू पाठविलेल्या सातबाऱ्यावरून मी जाऊन जमीन पाहून आलो. कागदावर ती एका इसमाच्या मालकीची वरकस जमीन आहे, इतर हक्क कोरे आहेत. प्रत्यक्षात खालच्या सपाटीला कातकऱ्यांची वाडी आहे, ओढ्यावर त्यांची पाण्याची जागा आहे, आणि गवताच्या दिवसांत शेजारच्या गावाची गुरे त्याच उतारावर चरतात. ही वहिवाट कोणत्याही नमुन्यात नोंदलेली नाही. मध्यस्थ म्हणतो की वाडीची तजवीज करू. ती कशी करणार हे विचारल्यावर तो बोलेना. शिवाय घरांसाठी उताराचा पायथा जेसीबीने तोडून सपाट करावा लागेल. आपल्या डोंगरात काळ्या कातळावर मुरमाचा व मातीचा थर असतो. पायथ्याचा आधार काढला आणि वर पावसाचे पाणी मुरले की तो थर सरकू शकतो. ३० जुलै २०१४ ला माळीण आणि २२ जुलै २०२१ ला तळिये दरडीखाली गेले. प्रत्येक ठिकाणची कारणे निराळी असतील, पण सह्याद्रीच्या उताराखाली माणसे झोपलेली असतात याचा विसर पडू देणे मला शक्य नाही.

म्हणून माझे नाव त्या खरेदीखताला लागणार नाही. कायद्याला बगल देण्यासाठी ते वापरले जाणार, हे एक कारण पुरेसे होते. पण ते नसते आणि व्यवहार सर्वस्वी रीतसर असता, तरीही वाडीला विचारल्यावाचून मी सही केली नसती. इसार दिला असलास तर तो परत मागण्यासाठी मसुदा करून ठेवला आहे, त्यात मध्यस्थाला काय लिहावयाचे ते पाहून घे. दिला नसलास तर देऊ नकोस. दरम्यान त्या गटाचे जुने फेरफार आणि पहिल्या जमाबंदीची पत्रके काढण्यासाठी मी अर्ज करीत आहे, कारण वाडीची नोंद पूर्वी कधी होती काय, हे कळले तर त्या लोकांच्या उपयोगी पडेल.

राहावयाचेच असेल तर गावठाणालगत, गावाच्या परवानगीने, भाड्याच्या घरात वर्षभर राहा आणि ग्रामसभेला बसत जा. सौरपट्ट्या तेथेही चालतात. डिसेंबरात येशील तेव्हा चार दिवस मोकळे ठेव, म्हणजे आधी भिरा आणि मग नायगाव पाहता येईल. सूनबाईस व मुलांस आशीर्वाद सांग. कळावे.

तुझा,
काका