ओट्याची उंची

"तुमच्याकडे स्वयंपाक कोण करतं?" डिझायनर मुलीनं विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत लॅपटॉपवर ओट्याची उंची भरून टाकली. ३४ इंच. तिच्या प्रश्नावलीतला हा तिसरा प्रश्न होता. पहिला बजेटचा, दुसरा शाकाहारी की मांसाहारी हा. चौथा होता कपाटांच्या रंगाचा, आणि त्यावर आम्ही पाऊण तास घालवला.

आमचा फ्लॅट दक्षिण बंगळुरात, सोळा वर्षांचा जुना. स्वयंपाकघर आठ फूट बाय अकरा, आणि त्याला लागून इथल्या रिवाजाप्रमाणे 'युटिलिटी'. सिंकखालचं प्लायवूड फुगलं होतं, कपाटांची दारं खाली आली होती, म्हणजे काम निघालंच होतं. पण घाईचं कारण दुसरं. जूनमध्ये बाबा गेले. मिरजेचं घर बंद करून आई आमच्याकडे राहायला येणार आहे, आणि ती यायच्या आत सगळं तयार व्हावं असं मला वाटत होतं.

मी कन्नडमधून मराठीत कथा-कादंबऱ्यांचे अनुवाद करते. त्यावर घर चालत नाही, म्हणून घरगुती उपकरणांची माहितीपत्रकंही इंग्रजीतून मराठीत आणते. 'ओल्या हातांनी प्लगला स्पर्श करू नका' हे वाक्य मी आजवर निदान चाळीस वेळा लिहिलं असेल. त्यामुळे हे प्रकरण मला जड जाणार नाही, अशी माझी समजूत होती.

सुरुवात मी उपकरणांपासून केली, आणि ते बरोबरच होतं. कपाटं आधी ठरवली की उपकरणं त्यात कोंबावी लागतात. चिमणीचं धुराडं जवळच्या बाहेरच्या भिंतीतून निघालं पाहिजे, वाटेत वळणं जितकी जास्त तितकी तिची ओढ कमी. ओव्हन, डिशवॉशर आणि गीझरला सोळा अँपिअरचे वेगवेगळे पॉइंट लागतात, ते फरशा बसायच्या आधीच काढून घ्यायचे. डिशवॉशरला साठ सेंटिमीटर रुंदी हवी, आणि नळ व सांडपाण्याचा पाइप हाताशी. आमच्या इमारतीत बोअरचं जड पाणी येतं, म्हणून त्यात मीठही घालत राहावं लागतं. नवऱ्याला डिशवॉशर म्हणजे चैन वाटत होती. पण २०२४च्या मार्चमध्ये या शहरात पाण्याचे जे हाल झाले, पिण्याच्या पाण्यानं गाडी धुतली तर पाच हजार दंड लागला, ते दिवस आठवल्यावर तो गप्प झाला. भरलेलं यंत्र दहा-बारा लिटरांत भांडी धुतं. वाहत्या नळाखाली तेवढं पाणी नुसती कढई घासताना जातं.

इंडक्शन की गॅस, यावर मात्र वाद झाला नाही. इंडक्शनच्या काचेवर भाकरी फुगत नाही. तव्यावरून उचलून जाळावर टाकली की तिचा पापुद्रा सुटतो, त्याला जाळच लागतो. एक शेगडी इंडक्शनची, तीन गॅसच्या, असं ठरलं. इडलीच्या पिठासाठी टेबलावरचा वेट ग्राइंडर. लग्नानंतर या शहरानं मला दिलेली ही वस्तू.

मग डिझायनर मुलीनं आराखडा पाठवला. सिंक, फ्रिज आणि शेगडी यांना जोडणारा लाल ठिपक्यांचा त्रिकोण त्यात होता. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात या त्रिकोणाचे नियम बसवले गेले. प्रत्येक बाजू चार ते नऊ फूट, तिन्ही मिळून सव्वीस फुटांच्या आत. आमचा त्रिकोण सोळा फुटांचा होता. नियमात चोख. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले आणि मग लक्षात आलं, की त्रिकोणाच्या आत एकच माणूस मावतं.

एम.ए.ला तौलनिक साहित्य शिकताना सवय लागली ती अजून सुटलेली नाही. काही दिसलं की ते कुठून आलं हे शोधायला मी मागे मागे जाते. मॉड्यूलर किचनच्या मागे गेलं की माणूस १९२६च्या फ्रँकफुर्टला पोचतो. पहिल्या महायुद्धानंतर तिथं घरांची टंचाई होती. एर्न्स्ट माय यांच्या हाताखाली नगरपालिकेच्या वसाहती उभ्या राहत होत्या. त्यांतल्या घरांसाठी मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या तरुण वास्तुरचनाकार बाईंनी स्वयंपाकघर आखलं. जेमतेम १.९ मीटर बाय ३.४ मीटर. आगगाडीच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर हा त्यांचा एक नमुना होता. साखर-तांदळासाठी तोटी असलेले अॅल्युमिनियमचे खण होते. पिठाचा खण ओकच्या लाकडाचा, म्हणजे त्यात किडे होत नाहीत. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली.

यातला माझ्या जिव्हाळ्याचा तपशील असा, की या खोलीपर्यंतची वाट एका अनुवादातून जाते. ख्रिस्टीन फ्रेडरिक या अमेरिकन बाईंनी १९१३मध्ये घरकामाच्या शास्त्रशुद्ध आखणीवर पुस्तक लिहिलं. बाईची पावलं कशी वाचतील याच्या आकृत्या त्यात होत्या. इरेने विटे यांनी ते जर्मनमध्ये आणलं, आणि श्युटे-लिहोत्स्कींनी ते वाचलं. अनुवादक बाईचं नाव कुठल्याही फर्निचरच्या शोरूममध्ये कुणी घेत नाही, याचं मला काही नवल वाटलं नाही.

दोन गोष्टी मात्र मनात रुतल्या. पहिली म्हणजे श्युटे-लिहोत्स्की पुढे मोकळेपणानं सांगत, की ते स्वयंपाकघर आखलं तेव्हा त्यांनी स्वतः कधी घर चालवलं नव्हतं, की स्वयंपाक केला नव्हता. आणि दुसरी, त्या एवढ्याशा खोलीत त्यांनी खिडकीखाली काम करायची जागा ठेवली होती आणि तिच्यापुढे एक फिरतं स्टूल. बसून काम करता यावं म्हणून.

स्टुलाशी मी अडखळले, कारण मला आईचा पाट आठवला.

आजीच्या घरी स्वयंपाक बसून व्हायचा. विळी, पोळपाट, शेगडी, सगळं जमिनीवर. १९८१मध्ये आमच्याकडे गॅस आला आणि त्याबरोबर उभा ओटा. कडप्पाचा, काळाभोर, आळीत कौतुकाचा विषय. मिस्त्रीनं भिंतीशी हात धरून विचारलं होतं, "साहेब, एवढा चालंल?" बाबा पाच फूट दहा इंच. त्यांनी आपल्या कमरेशी बघितलं आणि "चालेल" म्हणाले. त्या ओट्यावर त्यांनी उभ्या आयुष्यात चहासुद्धा केला नाही. आई चार फूट दहा इंच. तिनं जेवायचा एक पाट घेतला, पितळी फुलं ठोकलेला, आणि ओट्यापुढे ठेवला. त्यावर उभी राहून तिनं चाळीस वर्षं स्वयंपाक केला. मी नववीत असताना त्या पाटावरून तिचा पाय सरकला आणि आमटीचं पातेलं कलंडलं. डाव्या पावलावर अजून डाग आहे. त्यानंतर आमच्या घरात जी सुधारणा झाली ती अशी, की पाटाखाली रबरी चटईचा तुकडा आला. ओटा कमी करू या, असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. मीही म्हटलं नाही.

पुढच्या शनिवारी मी रात्रीच्या गाडीनं मिरजेला गेले. फोनवर विचारून उपयोग नव्हता. तिथून एकच उत्तर यायचं, "मला काही नको ग, मी आपली कोपऱ्यात बसून असेन." मी पर्समध्ये मोजपट्टी नेली होती. ओट्याची उंची कोपरापासून मोजतात. हात कोपरात वाकवून उभं राहायचं आणि तिथून चार ते सहा इंच खाली ओटा यायला हवा. आईला भिंतीशी उभी केलं.

"हे काय ग, ब्लाउज शिवतेस का?"

तिचं कोपर साडेपस्तीस इंचांवर आलं. म्हणजे तिला एकतीस इंचांचा ओटा हवा होता. मिरजेचा ओटा मी मोजला. साडेचौतीस.

"आई, हा तुला साडेतीन इंच उंच आहे."

"पाट चार इंचांचा आहे," ती म्हणाली. तिला ठाऊक होतं. तिनं कधीतरी मोजला होता.

परत आले तरी प्रश्न सुटला नव्हता, कारण माझं स्वतःचं कोपर चाळीस इंचांवर आहे. आणि खरं सांगायचं, तर डिझायनरच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी नव्हे, आईही नव्हे. अकरा वर्षं आमच्याकडे स्वयंपाक करतात त्या अक्का. सकाळी आठला येतात, साडेनऊला जातात, त्यानंतर आणखी चार घरं. तीन आठवडे मी आराखडे उलटसुलट करत होते, आणि त्यांना एका शब्दानं विचारलं नव्हतं.

विचारलं तेव्हा त्या पोळ्या लाटत होत्या. कन्नडमध्ये ओट्याला 'कट्टे' म्हणतात, आमच्या मिरज-कोल्हापूरकडच्या कट्ट्याचाच सख्खा शब्द. अक्का म्हणाल्या, कट्टे आहे एवढंच ठेवा, पण ते खोल सिंक घेऊ नका. मी पसंत केलेलं सिंक दहा इंच खोल होतं, मोठी भांडी मावावीत म्हणून. त्या म्हणाल्या, सिंकचा तळ जितका खाली तितकी पाठ वाकते, आणि वाकून तुम्ही घासणार नाही, मी घासते. मिक्सर उंच कपाटात ठेवू नका, भरलेलं भांडं डोक्यावरून काढताना हात थरथरतो. मग जरा थांबून म्हणाल्या, "बसायला काहीतरी ठेवाल का?"

मी म्हटलं, हो, ठेवू या ना. आणि मग डोळ्यांपुढे आलं, की अक्का चहा कुठं पितात. युटिलिटीच्या उंबरठ्यावर बसून. अकरा वर्षं. दाराजवळ, पाय बाहेर सोडून.

हे लिहायला मला सोपं जात नाही. मिरजेच्या घरात कामाच्या बाईंचा कप वेगळा होता, मोरीपाशी उपडा ठेवलेला. माझ्या घरात असा कप नाही, आणि तेवढ्यावर मी स्वतःला आईपेक्षा वेगळी समजत आले. कप एकच होता, पण त्या तो घेऊन कुठं बसतात हे मी पाहिलं नव्हतं. 'युटिलिटी' हा शब्द मराठीत कसा आणावा, असं मला एका माहितीपत्रकाच्या वेळी कोडं पडलं होतं. आता वाटतं, मोरी. नळ, घासायची भांडी, आणि त्यांच्या शेजारी बसणारं माणूस.

नवा आराखडा असा झाला. शेगडी आणि सिंकचा ओटा ३४ इंचांचा, सिंक आठ इंचच खोल. खिडकीखालचे चार फूट वेगळे, २८ इंच उंच, खाली कपाट नाही, म्हणजे गुडघे आत जातात. तिथं बसून भाजी निवडता येईल, कणीक मळता येईल, पोळ्या लाटता येतील. मिक्सर आणि ग्राइंडर ओट्यावरच, कोपऱ्यात. डिझायनर मुलीनं बजावलं, दोन उंच्यांचा ओटा दिसायला तुटक दिसतो आणि घर विकताना गिऱ्हाईक नाक मुरडतं. मी म्हटलं, मुरडू दे. मग तिनं विचारलं, "खिडकीपाशी स्टूल एक दाखवू की दोन?"

"दोन."

रात्री आईला फोन करून सगळं सांगितलं. बैठा ओटा, खिडकी, समोरचं चाफ्याचं झाड. दोन स्टुलं का, तेही सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग ती म्हणाली, "त्या बाई बसतील का ग माझ्याजवळ?"

तिच्या आवाजावरून मला कळेना, तिला ते नको होतं, की संकोच तिलाच वाटत होता. मी विचारलं नाही. तीच पुढं म्हणाली, "पाट आणू का बरोबर?"

"आण," मी म्हटलं.

सोमवारी सुतार येणार आहेत.