साहसाची शिदोरी

उत्तर ध्रुवाकडील हिमप्रदेशाची ओढ एकदा मनाला लागली, की माणूस प्रथम सामानाची यादी करू लागतो. अन्न किती न्यावे, इंधन किती, कपडे कोणते? यादी लांबत जाते, तसा धीरही वाढत जातो. पण यादीत न मावणारी एक गोष्ट असते आणि नेमकी तीच मागे राहते.

कॅनडाच्या उत्तरेकडील गोठलेल्या समुद्रातून अटलांटिक व पॅसिफिक महासागरांना जोडणारा मार्ग शोधण्यासाठी १८४५ साली सर जॉन फ्रँकलिन इंग्लंडहून निघाले. ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन भक्कम जहाजे, तीन वर्षे पुरेल इतका शिधा, हजाराहून अधिक ग्रंथ, मेजावर चांदीचे काटे-चमचे! तयारीत उणे काही दिसत नव्हते. किंग विल्यम बेटाजवळ जहाजे बर्फात अडकली. १८४८ साली खलाशांनी ती सोडली आणि अवजड होड्या ओढत ते दक्षिणेकडे चालू लागले. मोहिमेतील १२९ जणांपैकी एकही परतला नाही. थंडी, भूक आणि आजार यांनी त्यांना गाठले. आश्चर्य हे, की त्याच प्रदेशात इन्युइट कुटुंबे पिढ्यानपिढ्या मुलेबाळे वाढवत होती.

फ्रँकलिन यांच्या कथांनी भारावलेला नॉर्वेतील एक मुलगा पुढे त्याच वाटेने गेला. त्याचे नाव रोआल्ड अमुंडसेन. त्यांनी आधी खलाशाचे काम केले, चुंबकशास्त्राचे धडे घेतले आणि ‘योआ’ नावाची मासेमारीची एक लहानशी जुनी नौका विकत घेतली. उथळ पाण्यातून जाण्यास लहान नौकाच बरी, हा त्यांचा हिशेब होता. १९०३ साली अवघ्या सहा सोबत्यांसह ते निघाले.

किंग विल्यम बेटावर त्यांनी दोन हिवाळे काढले. तेथील इन्युइट लोकांकडून ते बर्फाची घरे बांधायला आणि कुत्र्यांच्या गाड्या हाकायला शिकले. लोकरी कपड्यांऐवजी रेनडिअरच्या कातड्याचे सैल कपडे त्यांनी अंगावर घातले. कपडे सैल असले, म्हणजे घाम साचत नाही आणि आत राहिलेली हवा ऊब धरते, हे ज्ञान ग्रंथातले नव्हते. ते त्या भूमीत जगलेल्यांचे होते. १९०६ साली ‘योआ’ने तो जलमार्ग पूर्ण केला.

फ्रँकलिन यांच्या खलाशांचे धैर्य कमी नव्हते. त्यांच्याजवळ पुष्कळ काही होते. परंतु तेथे राहणाऱ्या माणसांकडून जगण्याची रीत त्यांनी घेतली नाही. २०१४ साली ‘एरेबस’चे अवशेष समुद्रतळाशी सापडले. तो शोध लागण्यास इन्युइट लोकांनी पिढ्यानपिढ्या जपलेल्या आठवणींचाही आधार झाला होता.

साहसाला निघणाऱ्याने शिधा मोजून घ्यावा, दोर तपासावा, नकाशा पाहावा. आणि जेथे जायचे, तेथल्या माणसाजवळ बसून नम्रपणे विचारावे, “तुम्ही येथे कसे राहता?” ही शिदोरी वजनाला हलकी असते, मात्र घरी परत आणते ती बहुधा हीच.