कच्चे कैदी, पक्की शिक्षा

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. प्रवेशाच्या अर्जावर वालिदच्या पेशाचा रकाना असतो. एका मुलाचा तो रकाना कोराच होता. अब्बा चार वर्षांपासून तुरुंगात. खटला अजून सुरूच झालेला नव्हता. मोहल्ल्याने मात्र निकाल केव्हाच दिला होता.

अशा माणसाला कच्चा कैदी म्हणतात. 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत जागा होती 4,36,266 जणांची आणि कैदी होते 5,73,220. त्यांतले 4,34,302 कच्चे. म्हणजे सारी जागा जवळजवळ कच्च्या कैद्यांनीच व्यापलेली. नुसत्या नव्या बराकी बांधून हे कसे निस्तरणार?

जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद, असे न्या. कृष्ण अय्यर यांनी 1977 साली सांगितले. 1999 च्या मोक्काने हे उलटे केले. आरोपी दोषी नसावा असे मानायला वाजवी कारण दिसले, तरच जामीन. तेही पुरावा तपासला जाण्याआधी!

मालेगावचेच पाहा. 8 सप्टेंबर 2006 रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. मोक्काखाली नऊ मुसलमान आरोपी झाले. त्यांतले सात नोव्हेंबर 2011 मध्ये जामिनावर सुटले. एप्रिल 2016 मध्ये न्यायालयाने आरोपच रद्द केले. 2008 च्या मालेगाव स्फोटातले आरोपी हिंदू होते. त्यांतल्या काहींना 2017 साली जामीन मिळाला आणि जुलै 2025 मध्ये सातही जण निर्दोष सुटले. तेव्हा हा सवाल एकट्या आपल्या कौमचा नाही. शिवाय खटला रखडला की मयताच्या आईलाही इन्साफ मिळत नाही.

साक्षीदारांना धोका असेल तर आरोपीला जरूर आत ठेवावे. पण किती वर्षे? नव्या संहितेचे कलम 479 पहिल्याच गुन्ह्यातल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सोडायला सांगते. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे मात्र त्यातून वगळलेले. खटला लवकर संपणार नसेल तर कडक कायद्यातही जामीन देता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली नजीब खटल्यात म्हटले. पण गरिबाने तिथवर पोचायचे कसे?

कैद्याला मोफत वकील मिळणे हा त्याचा हक्क आहे; त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. आपल्या अंजुमनी मुलांना वह्या वाटतात. त्यांतली एक वही मोहल्ल्यातल्या कच्च्या कैद्यांच्या तारखांसाठी ठेवावी. अर्ज लिहून द्यायला आम्ही शिक्षक आहोतच.