उभ्या पाण्यात कपाशी का सुकते?

पाऊस दोन दिवसांपासून थांबायचं नाव घेईना, म्हणून माझी एक जुनी चूक सांगतो.

तीन वर्षांपूर्वी पावसाने वीस-बावीस दिवस ताण दिला आणि मग दोन रात्री धो धो कोसळला. आमच्या खालच्या अंगाच्या काळ्या रानात, एकरभरात पाणी तुंबलं. तिसऱ्या दिवशी बघतो तर बोंडं लागलेल्या कपाशीनं मान टाकलेली. बुडात घोटाभर पाणी आणि झाड तहानेनं सुकल्यासारखं! मला वाटलं, खत वाहून गेलं, पिकाला ताकद पाहिजे. दोन बॅगा युरिया त्या चिखलात फेकला. फरक काहीच नाही. आठवड्यात निम्मी झाडं गेली.

एक झाड उपटून कृषी सहाय्यकांना दाखवलं. मुळं काळी पडलेली. ते म्हणाले, "काका, हे उपाशी नाही मेलं, गुदमरून मेलं."

त्यांनी समजावलं ते असं. पान उन्हात साखर बनवतं. पण साखर म्हणजे नुसता शिधा, चूल पेटल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. पेशीतल्या तंतुकणिका म्हणजे त्या चुली. तिथं प्राणवायूच्या मदतीनं साखरेतली ताकद मोकळी होते, तिला एटीपी म्हणतात. हे काम रात्रंदिवस चालतं, पानात तसंच मुळातही. मुळाला हा प्राणवायू मातीतल्या पोकळ्यांतून मिळतो. पोकळ्या पाण्यानं भरल्या की संपलं, कारण पाण्यातून तो हवेपेक्षा सुमारे 10,000 पट हळू सरकतो. प्राणवायू असेल तर साखरेच्या एका रेणूतून 30 च्या आसपास एटीपी मिळतात, नसेल तर फक्त 2. एवढ्यावर मूळ ना खत ओढतं, ना पाणी. भाताच्या मुळांत वरून हवा पोचवणाऱ्या पोकळ नळ्या असतात, म्हणून तो पाण्यात तगतो. कपाशीला ती सोय नाही.

आमचे वडील म्हणायचे, वाफसा आल्याशिवाय रानात पाय घालू नको. वाफसा म्हणजे मातीत ओल पण आणि हवा पण. शाळेत मी श्वसन पाठ केलं, पण वडिलांचं बोलणं समजायला एक एकर कपाशी गेली.

आता दर दोन ओळींनंतर सरी पाडतो आणि उताराला चर काढून ठेवतो. तुमच्याकडेही पाणी साचलं असेल तर आधी फावडं घेऊन वाट करून द्या. युरियाची बॅग वाफसा येईपर्यंत घरातच राहू द्या.