लग्न कोणाचं?

बोईसरला कामासाठी जायचं म्हटलं की माझं डोकं आधीच फिरतं. तारापूर एमआयडीसीचा तो उग्र वास आणि जिथे नजर जाईल तिथे पांढऱ्या रेघांची माणसं: हॉटेलच्या भिंतीवर, लिफ्टशेजारी, चहाच्या कपावरसुद्धा. वारली चित्रांचा मला वीट आला होता. मधले दिवस मीटिंगांत गेले; त्यांत सांगण्यासारखं काही नाही.

रविवारी मात्र डहाणूच्या पूर्वेला गंजाडकडे निघालो, तेही एका स्विस चित्रकारापायी. कार्ल बोडमर 1833 साली प्रिन्स मॅक्सिमिलियनबरोबर मिसुरी नदीने अमेरिकेच्या गवताळ मैदानांत गेला आणि तिथल्या मॅंडन लोकांची देखणी चित्रं घेऊन परतला. मला त्या प्रवासातलं सर्वांत आवडणारं चित्र बोडमरचं नाहीच. पाहुण्यांकडून कागद आणि रंग मिळाल्यावर मातो-तोपे या मॅंडन सरदाराने स्वतःच्या झुंजीचं चित्र काढलं, ते. 1837 च्या देवीच्या साथीत तो गेला आणि त्याचे बहुतेक लोकही गेले. गंजाडच्या बाजूला 1970 च्या दशकात असाच कागद घेऊन आले ते चित्रकार भास्कर कुलकर्णी. तो कागद हाती आलेले कळंबीपाड्याचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे 2011 साली पद्मश्री झाले, 2018 पर्यंत जगले.

पाणी मागायला एका पाड्यावर थांबलो. म्हाताऱ्या आजीने पाणी दिलं आणि न विचारता ताटलीत तांदळाची भाकरी नि सुकटीची चटणी वाढली. चटणी इतकी जहाल की डोळ्यांतून पाणी आलं. आजी खूश झाली. कुडाच्या भिंतीवर चौकाच्या, म्हणजे लग्नात काढतात त्या देवीच्या चित्राच्या, पुसट खुणा होत्या. थोरल्या नातवाच्या लग्नात तिनेच तो लिहिला होता, दुसऱ्या सवाशिणींबरोबर, तांदळाच्या पिठाने. लग्न लावणारी धवलेरी गात होती. चौकात पालघाट देवी बसली, मग लग्न लागलं.

माझ्या पिशवीत चांगला कागद होता.

“आजी, यावर एक चौक काढून द्याल? पैसे देतो.”

तिने कागद उलटसुलट करून पाहिला. “लग्न कोणाचं?”

“कोणाचंच नाही.”

“मग देवी कशाला येईल?”

कागद परत आला, आणि वर आणखी अर्धी भाकरी. चित्र हवं तर धाकट्याला सांग, म्हणाली. धाकटा रिसॉर्टच्या भिंती रंगवतो. त्याने तारपा नाच भराभर काढून दाखवला: वाजवणारा मधे, भोवती माणसांचं वेटोळं. हात पक्का होता. चौक मात्र तोही काढत नाही; ते बायकांचं काम, म्हणाला.

भास्कर कुलकर्णींच्या कागदाने बरंच काही घडवलं. बायकांच्या हातची रेघ पुरुषांच्या हाती आली, पोटाला लागली, परदेशी गेली. मला त्यात काही वावगं वाटत नाही. मॅंडन लोकांची ओळख आज जगाला मुख्यतः परक्यांच्या कुंचल्यातून होते. इथे कुंचला घरातच राहिला, आणि काय विकायचं नाही हेही घरातच ठरतं.

धाकट्याचा तारपा मी त्याने सांगितलेल्या किमतीला घेतला. पुढच्या आठवड्यात त्याला एका रिसॉर्टसाठी वारली हत्ती काढायचे होते. मालकाला हत्तीच हवेत म्हणे.