सतरा टक्के

माझा डावा कान पाचवीत गेला. गालगुंड झालं, ताप उतरला, गाल बसले. पण फोन डाव्या कानाला लावला की पलीकडे कुणीच नसायचं. उजवा शाबूत होता, त्यामुळे घरात बरेच दिवस कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पदवीनंतर सरळसेवा भरतीच्या जाहिराती बघायला लागले तेव्हा आई म्हणाली, "अगं, सर्टिफिकेट काढून घे ना." 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के जागा राखल्यात, त्यातला 1 टक्का कर्णबधिरांसाठी. अट म्हणजे दिव्यांगत्व किमान 40 टक्के हवं.

सिव्हिलमध्ये हेडफोन लावून बंद खोलीत बसवलं. बीप ऐकू आला की बटण दाबायचं. डाव्या कानाच्या वेळी मी नुसतीच बसून. मग 'बेरा': डोक्याला वायरी लावून आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात, म्हणजे बहिरेपणाचं सोंग पकडता येतं. बोगस सर्टिफिकेटांच्या बातम्या वाचल्यात, त्यामुळे याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार असलीच तर गणिताबद्दल. चांगल्या कानाची टक्केवारी गुणिले 5, अधिक वाईट कानाची, भागिले 6. माझं झालं शून्य अधिक 100, भागिले 6. म्हणजे 16.67. "सतरा धर," डॉक्टर म्हणाले, "पण उपयोग नाही बाळ. कायद्याच्या व्याख्येतच दोन्ही कान लागतात, दोन्हीकडे निदान 60 डेसिबल." डोळ्यांचंही तसंच आहे. एक पूर्ण गेला आणि दुसरा ठणठणीत असला, तर 30 टक्के.

शांत खोलीत समोरासमोर बोलताना माझं काही अडत नाही, हे खरंच. पण आवाज कुठून आला हे कळायला दोन कान लागतात. रस्ता ओलांडताना हॉर्न वाजतो आणि मी भलतीकडे बघते. कॅन्टीनमध्ये डावीकडची मैत्रीण हसली की मीही हसते, विनोद न ऐकताच. बीपच्या खोलीत गर्दी नसते, म्हणून हे तिथं मोजलं जात नाही.

बाकावर शेजारी एक बाई होत्या, मांडीवर चारेक वर्षांचा मुलगा, दोन्ही कानांना मशिन. त्यांनी विचारलं, "किती आले?" मी सांगितलं. "बरंय की," त्या म्हणाल्या, अगदी मनापासून. त्या 1 टक्क्यात मी त्या पोराच्या पुढे उभं राहावं असं मला आजही वाटत नाही. मला जागा नकोच होती, बसायची जागा हवी होती.

परीक्षेच्या फॉर्ममध्ये 'दिव्यांग आहात का' पुढे 'नाही' भरलं. हॉलमध्ये मात्र सरांना विचारलं, "सर, डाव्या भिंतीला बसू का? मला या कानानं ऐकू येत नाही, सूचना कळत नाहीत."

"सर्टिफिकेट आहे?"

"चाळीसच्या खाली आहे."

"मग नंबराप्रमाणे बस," ते म्हणाले. माझ्या डावीकडूनच म्हणाले असावेत, कारण दुसऱ्यांदा सांगावं लागलं.