हाताचा ओलावा

माउलींच्या पादुकांना नीरेत स्नान घडतं, पालखी साताऱ्याच्या हद्दीत शिरते आणि लोणंदला विसावते. कांद्याच्या या बाजारपेठेत मग हातांचा पूर येतो. कांदा निवडून खरखरीत झालेले, मेंढरांमागं काठी धरणारे, कडेवरच्या लेकराचा चिमुकला तळवाही पुढे करणारे. पादुका चांदीच्या, पण तिथं धातूचा विचार कुणी करत नाही, करूही नये. लोकांना भेटण्यासाठीच त्या वाटेला लागलेल्या असतात.

२०२४ साली आषाढी एकादशी १७ जुलैला झाली आणि १९ जुलैला साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लंडनहून आलेली वाघनखं लोकांसाठी मांडली गेली. जिल्हा तोच, भाव तितकाच उत्कट. मध्ये मात्र काच. ती काच मला कधी परकी वाटली नाही.

तळहाताला सतत बारीक घाम असतो. त्यात मीठ असतं, आम्लं असतात. चेहऱ्यावरून, केसांवरून फिरलेलं बोट तेलही घेऊन येतं. हे मीठ हवेतला दमटपणा ओढून पोलादाला गंज चढवतं. आज न दिसणारा ठसा काही दिवसांनी उमटतो, रेषा न् रेषा धातूत कोरली जाते. म्हणून जाणकार धातूची वस्तू नायट्राइलचे मोजे घालून उचलतात. सुती मोज्यातून घाम झिरपतो. लॅटेक्समधल्या गंधकानं चांदी काळवंडते. मोडी कागदांपुढे मात्र बहुतेक वेळा मोजे काढून ठेवायचे. मोज्यात बोटं आंधळी होतात, जीर्ण कडा फाटते. तिथं धुऊन कोरडे केलेले हातच बरे.

या सावधपणात मला वारकऱ्याइतकीच माया दिसते. वारकऱ्याला आजची भेट हवी असते. जपणाऱ्याच्या मनात अजून न जन्मलेला पाहुणा असतो. त्याच्यासाठी तो आपल्या हाताची ओढ आवरतो.

आपल्याकडे कितीतरी घरांत पणजोबांची तलवार माळ्यावर असते आणि खंडेनवमीला खाली उतरते. पूजा जरूर करा. ओलं हळदकुंकू पात्याला न लावता पाटावर वाहा, पातं मोज्याच्या हातानं धरा, आणि परत ठेवण्याआधी मऊ, कोरड्या फडक्यानं पुसा. पुढच्या पिढीलाही ती पुजायची आहे.